वर्षश्राद्धाची तिथी संगणकावर काढताना: माहिती जमवण्यापासून गुरुजींच्या व्हिडिओ कॉलपर्यंत

भाऊ पुण्यात, बहीण न्यू जर्सीत एडिसनला. दोघांच्या मोबाइलमध्ये पंचांगाची वेगवेगळी ॲप्स, आणि वडिलांच्या तिथीच्या दोन तारखा. एक म्हणतो ॲप चुकले, दुसरी म्हणते गुरुजी चुकले. बहुतेक वेळा कुणीच चुकलेले नसते. चंद्र-सूर्याचे गणित आजची चांगली सॉफ्टवेअर मिनिटापर्यंत बरोबर करतात. घोळ होतो तो आपण भरलेल्या माहितीत आणि सेटिंगमध्ये. शिवाय मृत्यूची तिथी आणि श्राद्धाचा दिवस हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळेही तो होतो.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे, वर्षश्राद्ध आणि पितृपंधरवडा यांसाठी आहेत. क्रम बदलू नका. सेटिंग न तपासता तिथी काढली, की पुढचे सगळे चुकीच्या पायावर उभे राहते. कुळाचार वेगळा असेल तर कुळाचारच धरायचा.

टप्पा १: ॲप उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी

मृत्यूची तारीख, मृत्यूची वेळ, मृत्यूचे गाव, आणि ती वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे आहे, हे आधी लिहून काढा.

सगळ्यात जास्त अडते ते वेळेपाशी. नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर साधारणतः तारीखच असते. वेळ मिळते रुग्णालयाने दिलेल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर किंवा तिथल्या शेवटच्या केसपेपरवर. ते कागद विम्याच्या फाइलमध्ये जाऊन बसतात; शोधून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टर येऊन तपासून गेले ती वेळ आणि प्राण गेले ती वेळ यांत तासाभराचा फरक असू शकतो. जवळ बसलेल्या माणसाला विचारा आणि त्याचे उत्तर लिहून ठेवा.

मध्यरात्रीनंतरचे मृत्यू जपून नोंदवा. ‘बुधवारी रात्री गेले’ असे घरात म्हणतात, पण रात्री साडेबाराला इंग्रजी तारीख गुरुवारची झालेली असते. बारा तासांच्या घड्याळाऐवजी चोवीस तासांचे वापरा: ००:३०. दुपारचे साडेबारा आणि रात्रीचे साडेबारा यांची अदलाबदल ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

पणजोबांसारख्या जुन्या नोंदी काढताना एक ध्यानात असू द्या. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. मुंबईत तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही चाले. तिथी बदलण्याच्या आसपासचा मृत्यू असेल तरच याने फरक पडतो.

तपासणी: वेळ अजिबात कळत नसेल तर अंदाजाने आकडा भरू नका. त्या दिवशी तिथी कधी बदलली ते पाहा. दिवसभर एकच तिथी असेल तर वेळेवाचूनही भागते. तिथीच ठाऊक नाही, फक्त महिना ठाऊक आहे, अशा वेळी त्या महिन्याची अमावास्या धरण्याचा रिवाज आहे. काही घरांत एकादशी धरतात. ते गुरुजींशी बोलून एकदाच ठरवा.

टप्पा २: सेटिंग तपासणे

दृकपंचांग, जगन्नाथ होरा, किंवा छापील पंचांगवाल्यांची ॲप्स, काहीही वापरा. एकावर विसंबू नका, दोन घ्या. दोन्हींत पुढच्या गोष्टी पाहा.

महिना अमान्त हवा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात काही फरक दिसत नाही, म्हणून चूक लपून राहते; वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव पुढे सरकते. आपला भाद्रपद वद्य म्हणजे उत्तरेकडचा आश्विन कृष्ण. ॲपची भाषा हिंदी ठेवली की सेटिंगही पौर्णिमान्त होऊन बसण्याची शक्यता असते.

ठिकाण आपोआप घेण्याची सोय बंद करा. फोन जिथे आहे तिथले गाव ॲप गुपचूप धरते आणि तुम्ही मात्र सोलापूरच्या हिशेबाने वाचत असता.

अयनांशांची, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून मोजायचा या फरकाची, काळजी तिथीपुरती नको. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे किती गेला याचे माप, दर १२ अंशांना एक. दोघांतून अयनांश सारखेच वजा होतात, त्यामुळे उत्तर तेच राहते. नक्षत्र आणि अधिक महिना यांना मात्र अयनांश लागतात. टिळक पंचांग अयनांश वेगळे धरते; ते मानणाऱ्या घरांत त्यामुळेच कधी कधी वेगळे उत्तर येते. तुमच्या घरी जे पंचांग चालते, त्याच्याशी ॲप जुळवून घ्या.

आता सेटिंगची परीक्षा. गाव पुणे ठेवा आणि या तीन नोंदी करून पाहा:

३१ ऑक्टोबर २०२४, सकाळी १० – आश्विन वद्य चतुर्दशी.
३१ ऑक्टोबर २०२४, संध्याकाळी ५ – आश्विन अमावास्या.
१ ऑगस्ट २०२३, दुपारी १२ – अधिक श्रावण पौर्णिमा.

पहिल्या दोन्हींत महिना ‘कार्तिक’ आला तर सेटिंग पौर्णिमान्त आहे. दोन्ही वेळांना चतुर्दशीच दिसली तर ॲप फक्त सूर्योदयाची तिथी देते आहे. असले ॲप मृततिथी काढायला चालणार नाही. तिसरीत ‘अधिक’ शब्द नसेल तर ते बाजूला ठेवा.

सावध: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पांच्या ॲपला तिथी विचारू नका. ती ठाम स्वरात चुकीची तिथी सांगू शकतात, आणि वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

टप्पा ३: मृततिथी काढणे

इथे गाव मृत्यूचे, घड्याळ तिथले, आणि तिथी त्या क्षणाची.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात सूर्योदयाला असलेली तिथी छापलेली असते. तिथी सुमारे २० ते २७ तासांची असते आणि दिवसात केव्हाही बदलते. ३१ ऑक्टोबर २०२४ चेच घ्या. दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी चतुर्दशी संपून अमावास्या लागली. सकाळी गेलेल्याची तिथी चतुर्दशी, संध्याकाळी गेलेल्याची अमावास्या. चौकोनात पाहून तिथी लिहिणाऱ्या घरांत दोघांचीही चतुर्दशी लागते, आणि एकदा वहीत चुकीची लागलेली तिथी पुढची पिढीही तशीच पाळत राहते.

परदेशी मृत्यू झाला असेल तर वेळ भारतीय घड्याळात बदलून पुन्हा भारतातले गाव टाकण्याचा खटाटोप करू नका. लोक तास दोनदा वजा करतात ते इथेच. तिथी लागण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो. तिथले गाव आणि तिथली वेळ भरली की पुरे.

मृततिथी पूर्ण लिहा: शके, महिना (अधिक की निज, म्हणजे नेहमीचा), पक्ष, तिथी. उदाहरणार्थ, ‘शके १९४६, आश्विन वद्य अमावास्या’. नुसते ‘अमावास्या’ लिहिलेल्या वह्या पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

तपासणी: दोन्ही ॲप्सचे उत्तर एकच आले का? मृत्यूची वेळ तिथी बदलण्याच्या अर्ध्या तासाच्या आत असेल, तर कागदावर तसा शेरा मारा आणि निर्णय गुरुजींवर सोपवा.

टप्पा ४: या वर्षीचा दिवस ठरवणे

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको. आता गाव बदलायचे: जिथे श्राद्ध होणार ते गाव. प्रश्नही बदलतो. मृत्यूच्या क्षणी कुठली तिथी होती हे आपण टप्पा ३ मध्ये पाहिले. आता अपराह्नकाळी ती तिथी कुठल्या दिवशी आहे हे पाहायचे.

दिवसाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे, पाच समान भाग करतात: प्रातः, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. वर्षश्राद्धाला चौथा भाग, अपराह्न, बघतात. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला असेल तर अपराह्न १ वाजून १२ मिनिटांपासून ३ वाजून ३६ मिनिटांपर्यंत. ॲप अपराह्न दाखवत नसेल तर स्वतः काढा: सूर्यास्तातून सूर्योदय वजा करा, पाचाने भागा, आलेल्या वेळेची तिप्पट सूर्योदयात मिळवा. तिथून अपराह्न सुरू, आणि आणखी एक भाग संपला की संपला.

आता आश्विन अमावास्येला गेलेल्या एखाद्या आईचे २०२४ मधले श्राद्ध पाहू. मुंबईत ३१ ऑक्टोबरचा अपराह्न साधारण दीड ते पावणेचार. अमावास्या लागली ३:५२ ला, म्हणजे अपराह्न नुकताच सरल्यावर. दुसऱ्या दिवशी ती सव्वासहापर्यंत होती, अपराह्न पूर्ण व्यापून. म्हणून मुंबईत श्राद्ध १ नोव्हेंबरला. एडिसनमध्ये तीच अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी ६:२२ ला लागली आणि १ नोव्हेंबरच्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपली. तिथला अपराह्न अमावास्येने व्यापलेला आहे तो ३१ ऑक्टोबरलाच. भाऊ आणि बहीण यांच्या तारखा वेगळ्या आल्या आणि दोन्ही बरोबर आहेत.

सॉफ्टवेअरला उत्तर देता येत नाही अशी जागाही त्याच आठवड्यात होती. चतुर्दशी ३० ऑक्टोबरच्या दुपारी सव्वाला लागली आणि ३१ ला ३:५२ पर्यंत राहिली. मुंबईत दोन्ही दिवशींचा अपराह्न पूर्ण चतुर्दशीचा! अशा वेळी, आणि तिथी दोन्हीकडे अपराह्नाला जेमतेम शिवते किंवा मुळीच शिवत नाही अशा वेळी, निर्णय धर्मशास्त्राचे नियम जाणणाऱ्याने करायचा. गुरुजींना फोन करून नुसते ‘श्राद्ध कधी?’ विचारू नका. ‘तिथी अमुक वेळेला लागते, अमुक वेळेला संपते, आमच्या गावचा अपराह्न इतक्यापासून इतक्यापर्यंत’ हे तिन्ही सांगा. बऱ्याचदा गुरुजी त्यांच्या गावच्या पंचांगावरून बोलत असतात, आणि तुमचे गाव त्यात नसते.

अधिक महिन्याचे वेगळे पाहा. तिथीच्याच नावाचा अधिक महिना आला तर सर्वसाधारणपणे श्राद्ध निज महिन्यात करतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे; ज्यांची तिथी ज्येष्ठातली, त्यांनी त्यानंतरचा निज ज्येष्ठ पाहावा. पण जे २०१८ च्या अधिक ज्येष्ठातच गेले, त्यांचे श्राद्ध पुन्हा अधिक ज्येष्ठ येतो त्या वर्षी अधिकात करतात, एरवी नेहमीच्या ज्येष्ठात. पहिल्याच वर्षी मध्ये अधिक महिना पडला असेल तर वर्षपूर्तीचे नियम वेगळे आहेत; ते गुरुजींना विचारल्यावाचून ठरवू नका.

सावध: सोहेर-सुतक ॲपला कळत नाही. तारीख निघाली म्हणजे विधी त्या दिवशी होणारच असे नाही.

टप्पा ५: पितृपंधरवड्याची तिथी

इथे मृततिथीचा महिना आणि पक्ष सोडून द्यायचा, फक्त तिथी घ्यायची. चैत्र शुद्ध पंचमीला गेलेल्यांचा महालय, म्हणजे पितृपंधरवड्यातले श्राद्ध, भाद्रपद वद्य पंचमीला. अपराह्नाचा हिशेब तोच.

अपवाद ॲप आपणहून लावत नाही. सवाष्ण गेली तर अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची चतुर्दशी, मुलीच्या मुलाने आजोबांसाठी करायचे ते आश्विन शुद्ध प्रतिपदेला. पौर्णिमेला गेलेल्यांचे आपल्याकडे बहुधा सर्वपित्री अमावास्येला करतात, आणि कुणाची तिथी चुकली तर त्यालाही तीच. २०२६ ची सर्वपित्री १० ऑक्टोबरला आहे. भरणी श्राद्ध नक्षत्रावर ठरते. तिथे टप्पा २ मधले अयनांश लागू होतात.

टप्पा ६: मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंद

‘दर वर्षी पुन्हा’ हे बटण दाबायचे नाही. तिथीची इंग्रजी तारीख दर वर्षी साधारण ११ दिवस मागे येते आणि अधिक महिन्यानंतर एकदम १९ दिवसांच्या आसपास पुढे जाते. पुढच्या पाच वर्षांच्या तारखा टप्पा ४ प्रमाणे एकदाच बसून काढा आणि पाच वेगळ्या नोंदी करा.

नोंदीच्या शीर्षकात नाव, नाते आणि तिथी लिहा. आठवण तीनदा लावा: महिनाभर आधी गुरुजींसाठी, आठवडाभर आधी साहित्यासाठी, आदल्या दिवशी स्वयंपाकासाठी. परदेशी भावंडांना हीच नोंद पाठवू नका. त्यांच्या गावची तारीख वेगळी असू शकते. त्यांना मृततिथी पाठवा.

टप्पा ७: नावांची यादी

विधी सुरू झाल्यावर ‘पणजीचे नाव काय?’ म्हणून फोनाफोनी करणे फार क्लेशाचे होते. आठ दिवस आधी गुरुजींना एक पान पाठवा:

गोत्र. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. आईचे वडील, आजोबा, पणजोबा, आणि त्यांचे गोत्र वेगळे. महालयासाठी काका, मामा, आत्या, मावशी, सासरे यांची नावेही. प्रत्येकासमोर ‘हयात’ की ‘दिवंगत’ हे स्पष्ट लिहा. वडील गेले आणि आजोबा हयात, अशा घरी नुसत्या यादीवरून गुरुजींना ते कळत नाही आणि उच्चार चुकतो.

नावे देवनागरीतच लिहा. इंग्रजी अक्षरांतला ‘ठकूबाई’ आणि ‘ताकूबाई’ यांतला फरक वाचणाऱ्याला कसा कळावा? टंकन युनिकोडमध्ये करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखी उघडते. शेवटी पीडीएफ करून पाठवा आणि गुरुजींच्या फोनवर ती नीट दिसते का ते विचारा.

मागची नावे ठाऊक नसतील तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी मिळू शकतात. मूळ गाव आणि आडनाव सांगावे लागते.

टप्पा ८: व्हिडिओ कॉलवरचा विधी

पहिली गोष्ट वेळ. कुतुप म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा, मध्यान्हीच्या आसपासचा. तिथून अपराह्नापर्यंत विधी व्हावा असा संकेत आहे. उन्हाळी वेळ चालू असताना एडिसनची दुपारची दीड म्हणजे पुण्यात रात्रीचे अकरा. गुरुजींची सोय म्हणून लोक तिथल्या सकाळी सातला उरकतात आणि मग काळही चुकतो, कधी तिथीही. महिनाभर आधी मोकळेपणाने विचारा; रात्री बसणे शक्य नसेल तर तुमच्या देशातले गुरुजी शोधायला वेळ राहतो. आमंत्रण कॅलेंडरमधून पाठवा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते आणि तोंडी ठरवलेला साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो.

कुठला विधी हेही आधी ठरवा. पिंडांसह पूर्ण श्राद्ध, ब्राह्मणांच्या जागी दर्भाचे चट मांडून, पिंडांवाचून सांकल्पिक, शिधा देऊन आमश्राद्ध, दक्षिणा देऊन हिरण्यश्राद्ध, असे पर्याय आहेत. जे जमेल ते नीट करावे. अग्नी असेल तर घरातल्या धुराच्या घंटेचा विचार करून जागा निवडा.

आदल्या दिवशी गुरुजींबरोबर दहा मिनिटांची तालीम करा. तेव्हा पाहायचे ते असे:

फोन तिपाईवर, छातीच्या उंचीला, किंचित खाली झुकलेला. गुरुजींना तुमचा चेहरा दिसला नाही तरी चालेल. हात, जानवे आणि ताट दिसले पाहिजे.

झूमच्या विनामूल्य बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे. पिंडदानाच्या मध्येच ती तुटते. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल चालतो. झूमच वापरायचे तर आवाजातील ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, कारण गोंगाट गाळणारी सोय मंत्रांचा लांब स्वर गोंगाट समजून कापते.

बाकीच्या नातेवाइकांचे आवाज बंद. गुरुजींची खिडकी मोठी करून स्थिर ठेवा, नाहीतर कुणी खोकले की पडद्यावर तोच येतो.

फोन चार्जरला लावलेला, आणि शेजारी दुसऱ्या फोनवर गुरुजींचा नंबर तयार.

आता सव्य-अपसव्य. गुरुजी तुमच्यासमोर तोंड करून असतात, त्यामुळे त्यांचा उजवा खांदा तुम्हाला डावीकडे दिसतो. शिवाय स्वतःचे चित्र अनेक ॲप्समध्ये आरशासारखे उलटे दिसते. पडद्यात बघून जानवे बदलू नका. सव्य म्हणजे जानवे डाव्या खांद्यावर, अपसव्य म्हणजे उजव्या. पितरांना पाणी सोडायचे ते उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, देवांना बोटांच्या टोकांवरून. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या मागे चिकटवा.

दक्षिण दिशा फोनच्या होकायंत्राने काढताना फोन लॅपटॉप, स्पीकर, लोखंडी टेबल यांच्यापासून दूर धरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहेत. न्यू जर्सीत सुमारे १२ अंशांचा फरक पडतो. सेटिंगमध्ये ‘खरी उत्तर’ निवडा.

संकल्पासाठी त्या दिवशीचे तुमच्या गावचे संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र छापून गुरुजींना पाठवा. संवत्सर शालिवाहन शकाचे हवे: २०२६ च्या पाडव्यापासून शके १९४८, पराभव. विक्रम संवताची सेटिंग राहिली तर संवत्सराचे नाव वेगळे येईल.

सावध: कॉल तुटला तर स्वतःच्या मनाने पुढे जाऊ नका आणि पुन्हा पहिल्यापासूनही सुरू करू नका. हातातले पात्र खाली ठेवा, बसल्या जागी थांबा, दुसऱ्या फोनवरून गुरुजींना विचारा.

संकेतस्थळावर पैसे भरून कुणाकडून तरी विधी करवून घेणार असाल, तर तुमचे गोत्र आणि नावे घेऊन संकल्प होताना थेट पाहता येईल का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा.

टप्पा ९: त्याच दिवशी करायची नोंद

संध्याकाळपर्यंत मृततिथीच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवा: या वर्षीची तारीख, गाव, तिथी कधीपासून कधीपर्यंत, निर्णय कुणी दिला आणि का. दोन दिवसांत वाद होता तिथे हा शेरा पुढे फार उपयोगी पडतो. फाइलची एक प्रत भावंडांकडे, एक मुलांकडे, आणि एक छापून देवघरातल्या पोथ्यांबरोबर ठेवा.